नॅनो सिल्व्हरची टूथपेस्ट ५ वर्षाच्या पोराला द्यावी का?

जुळेसोलापूरची_आई
नमस्कार, माझा मुलगा ५ वर्षाचा आहे, खालच्या दोन दाढा किडल्यात, एकीला चांगलं भगदाड पडलंय आणि आठवडा झाला रात्री झोपेतून उठून रडायलाय. भाकरी चावत नाही, दुधात कुस्करून देते. काल मेडिकलमध्ये गेले तर दुकानदाराने एक महागाची पेस्ट काढून दिली, वर लिहिलंय नॅनो सिल्व्हर, ९९.९% जंतूंचा नाश. घरी सासूबाई म्हणतात दुधाचेच दात आहेत पडतील, नवरा म्हणतो पोरगं पेस्ट गिळतंय मग चांदी पोटात जाईल. मला काहीच सुचेना. कुणी वापरलीय का, खरंच कीड थांबते का?

टॉवेलवाला
ताई मी डॉक्टर नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, पण ते ९९.९ वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय. आम्हीपण टॉवेलला सिल्व्हरचं फिनिश देतो, वास येऊ नये म्हणून, त्याचा रिपोर्टपण ९९.९ च येतो. पण ती टेस्ट कशी असते तर कापडाच्या तुकड्यावर एकाच जातीचे जंतू टाकायचे आणि २४ तास ठेवायचं, मग किती मेले ते मोजायचं. तुमचं पोरगं २ मिनिटं ब्रश करून थुंकणार. त्यामुळं आकडा बघू नका, किती वेळात मेले आणि कुठं मेले ते विचारा. आणि टॉवेल धुवत गेलं की चांदी पाण्याबरोबर जाते, रिपोर्ट उतरत जातो, मग तोंडात लाळ तर दिवसभर धुतच असते की.

दातांची_डॉक्टर
टॉवेलवाले दादा एकदम मुद्द्याचं बोललात. चांदी जंतू मारते हे खरंय, नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचे कण, एवढे बारीक केले की पृष्ठभाग वाढतो, चांदीचे आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण जास्त सुटतात आणि जंतूचं आवरण फोडतात. पण दातावर जंतू सुटे नसतात, चिकट थर करून बसलेले असतात, तो थर आधी ब्रशने घासूनच काढावा लागतो. शिवाय चांदी चांगले-वाईट जंतू निवडत नाही. म्हणून संशोधनात जास्त आशा आहे ती चिकटून राहणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे दातावर लावायचं औषध, फिलिंगचं सिमेंट, असं. ब्राझीलमध्ये २०१४ च्या सुमारास शाळेतल्या मुलांवर नॅनो सिल्व्हर फ्लोराइड लावून बघितलं, बऱ्याच दातांची कीड थांबली आणि दात काळे झाले नाहीत. पण ते डॉक्टरने लावायचं द्रावण होतं, पेस्ट नव्हती. नॅनो हायड्रॉक्सिअपेटाइट नावाचं अजून एक येतं, ते जंतू मारण्यापेक्षा दाताची झीज भरायला असतं, जपानमध्ये बरीच वर्षं वापरात आहे.

आता ताई तुमचं. झोपेतून उठवणारी दुख म्हणजे कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत गेली असायची शक्यता जास्त, तिथं कुठलीच पेस्ट काम करणार नाही, या आठवड्यात एक्सरे काढा. गालाला सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. दुसऱ्या दाढेला दुख नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावता येतं का विचारा, ३८% चं द्रावण असतं, ड्रिल न करता कीड थांबवतं, २०२१ पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. किडलेला भाग काळा पडतो हे आधीच सांगते. आणि सासूबाईंना सांगा, पुढचे दात ६-७ व्या वर्षी पडतात पण या दाढा १०-१२ पर्यंत राहायच्या असतात.

घरी साधी फ्लोराइडची पेस्ट, मागं १००० पीपीएम लिहिलेली बघून घ्या, मुलांच्या काही पेस्टमध्ये त्यापेक्षा कमी असतं, काहींत नसतंच. मटाराच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा, तुम्ही स्वतः घासून द्यायची, थुंकल्यावर भरपूर चुळा भरायच्या नाहीत म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं.

अशोकचौक_
डॉक्टर एक विचारायचं होतं, आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका दात घासायला मिश्रीच लावतात, माझी आईपण, म्हणते मिश्रीने कीड मरते. आता नातीलापण बोटावर घेऊन लावायलीय, मला बघवत नाही.

दातांची_डॉक्टर
नातीचं आजच बंद करा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ठणका थोडा वेळ दबल्यासारखा वाटतो तेवढंच, कीड आत चालूच राहते आणि पोरीला तंबाखूची सवय लागते. आईंना रागावू नका, तोंड तपासायला घेऊन या, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर तो बघायलाच हवा.

जुळेसोलापूरची_आई
सगळ्यांचे आभार. पेस्ट परत केली, दुकानदाराने बदलून दिली. आमच्या जुन्या पेस्टच्या मागं बघितलं तर फ्लोराइड लिहिलेलंच नाही, दोन वर्षं तीच वापरायलो होतो. उद्या सकाळची अपॉइंटमेंट मिळालीय. दाढ काळी पडली तरी चालेल डॉक्टर, मागची आहे, दिसत नाही. फक्त एक, ते लावताना दुखतं का? इंजेक्शन म्हटलं की तो दारातूनच पळतो.

दातांची_डॉक्टर
नाही, इंजेक्शन लागत नाही, दाढ कोरडी करून छोट्या ब्रशने लावतात. चव थोडी धातूसारखी लागते. जुना शर्ट घालून न्या, कपड्यावर पडलं तर डाग निघत नाही. दुखणाऱ्या दाढेला मात्र बधिर करावं लागू शकतं, तेव्हा त्याला इंजेक्शन नाहीच असं वचन देऊन नेऊ नका.

टॉवेलवाला
डाग निघत नाही हे खरंय, आमच्याकडंपण सिल्व्हरचा डाग पडला की तो पीस सेकंड म्हणजे दुय्यम मालात जातो. पोराला कसं आहे ते उद्या कळवा ताई.