वडिलांना पक्षाघात, महिन्याला ६९ हजार खर्च: पैशांची सोय कशी लावावी?

कोथरूडकर:
वडील ७४, राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त. सहा आठवड्यांपूर्वी स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी, वाचा गेली आहे, पण बोललेलं समजतं, मानेने हो-नाही सांगतात. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न म्हणजे फीड देण्याची नळी) आणि कॅथेटर (लघवीची नळी) आहे. आई ७०, तिला स्वतःचं उत्पन्न नाही.
महिन्याचा हिशोब: नर्सिंग ब्युरोची २४ तासांची सिस्टर ४२,०००, रोजचा फिजिओ १२,०००, औषधं ६,०००, डायपर-फीड-किरकोळ ९,०००. पेन्शन ३१,०००. म्हणजे ३८ हजारांची तूट. वडिलांच्या एकट्याच्या नावावर २२ लाखांच्या एफडी आहेत, राहता फ्लॅटही त्यांचाच. मेडिक्लेम आहे. मी आणि बहीण पुण्यात, धाकटा भाऊ कॅनडात.
एफडी मोडाव्यात का? विमा, सरकारी योजना, टॅक्स यांतून काय हाती लागतं?

निवृत्त कॅशियर:
एफडी मोडाव्यात की नाही ते नंतर. आधी त्या मोडता येतील अशी सोय करा, आणि याच महिन्यात करा. वडिलांना समजतंय तोवरच हे जमेल. दुसरा झटका येऊन समज गेली, तर २२ लाख बँकेत असून नसल्यासारखे.

शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज आणि सोबत डॉक्टरांचं पत्र. पत्रात दोन गोष्टी हव्यात: सही करता येत नाही, आणि व्यवहार समजतो. नुसतं 'पॅरालिसिस' लिहिलेलं पत्र नेलंत तर बँक हात वर करते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. म्हणजे अधिकाऱ्याला घरी यावं लागतं. सत्तरीपुढच्या खातेदारांसाठी घरपोच सेवा आहे, अर्जात तिचा उल्लेख करा.

तो माणूस एकदाच येणार असं धरून कागद तयार ठेवा. पेन्शन खात्यात आईचं नाव, 'आयदर ऑर सर्व्हायवर' (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो) पद्धतीने. एफडींनाही तसंच. पण इथे मेख आहे: मुदतीआधी एफडी मोडायची तर दोघंही हयात असताना बँका सहसा दोघांची सही मागतात, नुसत्या जॉइंट नावाने भागत नाही. म्हणून निदान दहा लाखांच्या एफडी त्याच भेटीत मोडून जॉइंट बचत खात्यात आणा. व्याजात अर्धा-एक टक्का कापला जाईल, तो सोसा.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं. मग मुलांपैकी कुणाला पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पालकत्वाचा १८९० चा कायदा फक्त अल्पवयीन मुलांसाठी आहे, जिल्हा न्यायालयात त्याच्यामागे वेळ घालवू नका.

बेडसाइड:
४२ हजारांची सिस्टर कशासाठी? ट्यूब आणि कॅथेटर बदलायला सिस्टर हवी, ती व्हिजिटवर येते. फीड देणं, कूस बदलणं, डायपर, स्पंजिंग ही कामं अनुभवी मामा (पुरुष अटेंडंट) करतात. पुण्यात २४ तास राहणारा माणूस साधारण २५ ते ३० हजारांत मिळतो, जेवण आपलं. त्याला रोज काही तास मोकळे द्यावे लागतात, महिन्यातून सुट्ट्या द्याव्या लागतात. त्या वेळी घरातलं कोण उभं राहणार ते आधीच ठरवा, नाहीतर माणूस पंधरा दिवसांत पळतो आणि ब्युरो पुन्हा कमिशन घेतो.

मामाला दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बजावा. फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास तशीच. आडवं ठेवून फीड दिलं की ते फुप्फुसात उतरतं, न्यूमोनिया होतो आणि पुन्हा आयसीयू. दुसरं, दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस असली तरी हे चुकत नाही. माकडहाडावर जखम झाली की ड्रेसिंगचं बिल डायपरच्या बिलाला मागे टाकतं.

कॅथेटर काढायचा प्रयत्न कधी करायचा हे डॉक्टरांना विचारा. पुरुष पेशंटला रात्री कंडोम कॅथेटर (बाहेरून लावायचा) लावला तर डायपर कमी लागतात आणि संसर्गाचा धोकाही आतल्या नळीपेक्षा कमी. फाउलर बेड (डोक्याकडून, पायाकडून उचलता येणारा पलंग), व्हीलचेअर विकत घेऊ नका. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं गावोगावी आहेत, अनामत आणि नाममात्र भाडं घेऊन देतात.

फिजिओ मात्र आत्ता तोडू नका. सुधारणा होते ती मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. काटकसर करायचीच तर सहा महिन्यांनंतर आठवड्याला तीन दिवस करा.

टीपीएवाला:
मेडिक्लेममधून सिस्टर, मामा, डायपर यांचे पैसे मिळत नाहीत. साध्या पॉलिसीत देखभालीचा खर्च बसतच नाही. पण डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या आणि डिस्चार्ज कार्डवर लिहिलेला फिजिओ हे पॉलिसीप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतं. तुमची मुदत अजून चालू असणार. फिजिओकडून तारीखवार पावत्या घ्या, 'मिळाले' लिहिलेली चिठ्ठी चालत नाही. मुदत संपल्यावर क्लेम साधारण १५ दिवसांत द्यावा लागतो, पॉलिसीत आकडा बघा.

आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य योजनेचं) आईवडील दोघांचंही आजच काढा. वय ७० पूर्ण एवढीच अट, उत्पन्नाची नाही, आधार पुरतं. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. वर्षाला ५ लाख, पण घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून, आणि फक्त योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर. घरच्या खर्चाला एक पैसाही नाही.

फॉर्म सोळा:
टॅक्सची सगळी गंमत जुन्या करपद्धतीत. नवीन पद्धत घेतली असेल तर पुढचं वाचू नका. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, इथे जुनेच ओळखीचे वापरतो.)

८०डीडी: अवलंबित आईवडिलांचं अपंगत्व ४० टक्के असेल तर ७५,०००, ८० टक्क्यांपासून १,२५,००० वजावट. प्रत्यक्ष खर्च किती ते बघत नाहीत. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते.
८०डीडीबी: ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत, प्रत्यक्ष उपचारखर्चातून विम्याचे पैसे वजा करून. यादीत पक्षाघात नाही! मात्र वाचा जाणं, म्हणजे ॲफेझिया, आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर. न्यूरॉलॉजिस्टच्या प्रिस्क्रिप्शनवर तो शब्द लिहून घ्या.

दोन्ही वजावटी पूर्ण बसल्या तर ३० टक्के कर भरणाऱ्याचे सेससह ७०,२०० वाचतात. अडचण 'अवलंबित' या अटीची. ३१ हजार पेन्शन असलेले वडील मुख्यतः तुमच्यावर अवलंबून आहेत हे दाखवायला खर्च तुमच्या खात्यातून, बँकेमार्फत गेलेला दिसला पाहिजे. सगळा खर्च त्यांच्याच एफडीतून केलात तर हा दावा लंगडा पडतो. तसं असेल तर वडिलांच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०यू (स्वतःच्या अपंगत्वाची वजावट), पण त्यांना बहुधा तसाही कर लागत नसेल.

कोथरूडकर:
सगळ्यांचे आभार. फ्लॅटवर रिव्हर्स मॉर्गेज (घर तारण ठेवून बँकेकडून मिळणारे पैसे, फेड हयातीनंतर) घ्यावं का? आणि भावाने पैसे पाठवले तर टॅक्स?

निवृत्त कॅशियर:
आत्ता नको. हिशोब बघा: ३८ हजारांची तूट, एफडीवर ७ टक्के धरले तर २२ लाख जेमतेम सहा वर्षं पुरतात. सिस्टरऐवजी मामा ठेवून तूट २४ हजारांवर आणलीत तर तेच पैसे अकरा वर्षांच्या आसपास जातात. पगार दरवर्षी वाढणार, म्हणून आठ-नऊ धरा. आईच्या नावाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात. पाच वर्षांआधी मोडलं तर दंड आहे, म्हणून बाकीचे ७ लाख मोकळे ठेवा.

रिव्हर्स मॉर्गेजला वडिलांची करार करण्याची क्षमता बँक तपासणार, तिथेच गाडी अडेल. पुढे कधी घेतलंच तर आई सहकर्जदार हवीच, नाहीतर वडिलांच्या पश्चात तिच्या राहत्या घरावर वसुली येईल.

भावाने आईच्या खात्यावर पाठवलेले पैसे नात्यातली भेट धरतात, इथे कर नाही. ८०डीडी आणि ८०डीडीबी मात्र त्याला मिळणार नाही, त्या फक्त भारतात निवासी असलेल्यांसाठी. म्हणून त्याचे पैसे आईच्या घरखर्चाला वापरा आणि वडिलांची बिलं तुम्ही किंवा बहीण, ज्याचा टॅक्स जास्त आहे त्याने भरा. आणि पेन्शन ऑफिसात आईचं नाव, जन्मतारीख पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) बरोबर आहे का ते बघून या. कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, म्हणजे आजच्या ३१ हजारांचे साधारण १८-१९ हजार.