लढाईच्या आधी पुस्तक मिटणारी आजी (तुमचेही अनुभव लिहा)

माडाची_सावली
परवा पावसाआधीची आवराआवर म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. वाळवीने दोन दिवाळी अंक आणि माझी दहावीची मार्कलिस्ट (बरंच झालं) फस्त केलेली, पण त्याच्या खाली 'पानिपत' शाबूत निघालं. कव्हर नाही, सुरुवातीची काही पानं नाहीत आणि मध्ये एका पानाला वाळकं आमसूल चिकटलेलं. ते आमसूल बघितलं आणि मी तिथेच शिडीवर बसले.

मे महिन्यात आम्ही दापोलीजवळ गावी असायचो. दुपारी पडवीत आजी रातांबे फोडायची आणि मी मोठ्याने वाचायचे, कारण तिचा चष्मा फुटलेला आणि नवा करायला दापोलीला कोण जाणार. कादंबरी १९८८ची, आमच्या हाती लागेपर्यंत चारपाच वर्षं उलटून गेली असतील. आजीला भाऊसाहेब फारसे पसंत नव्हते, हट्टी म्हणायची. त्यांच्या बायकोचं, पार्वतीबाईंचं काही आलं की मात्र तिचा हात थांबायचा, रातांबा तसाच अर्धा फोडलेला. पण गोष्ट संक्रांतीजवळ यायला लागली की म्हणायची, "पुरे आता. उद्या परत पहिल्यापासून घे." अशा तीन सुट्ट्या गेल्या पण आमच्याकडे १४ जानेवारी १७६१ काही उजाडली नाही. आमच्या पडवीत मराठे पानिपतावर पोचले, कोंडले गेले, उपाशी राहिले पण हरले नाहीत. मी एकदा सांगितलं की आजी, मी इतिहासाच्या पेपरात हरले असं लिहून आलेय. तर म्हणे पेपरात काय हवं ते लिही, घरात नको.

खरं सांगू, ते शेवटचे भाग मी अजून वाचलेले नाहीत. तुम्हीही लिहा, लढाई आणि ताटातूट असलेली कुठलीही ऐतिहासिक कादंबरी, कुणाबरोबर वाचली, कुठे अडकलात.

बोंडू
माका सगळा नीट वाचूक वेळ नाय, पण "घरात नको" वाचून हसान मेलंय. आजयेक नमस्कार सांग.

माडाची_सावली
आजी २००३ला गेली रे.

बोंडू
अरे देवा. सॉरी. माजीय तशीच होती, रेडिओवर कोण मेलो काय रेडिओच बंद करी.

रत्नांग्री
पार्वतीबाईंवरून आठवलं. आपल्याकडच्या किती लोकांना माहितीये की भाऊसाहेबांचा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यावर कैदेत होता? मला कॉलेजपर्यंत माहीत नव्हतं, आणि घर किल्ल्यापासून वीस मिनिटांवर. कनोजा ब्राह्मण, म्हणायचा मीच सदाशिवराव भाऊ. लोकांना तर हवंच होतं कुणीतरी परत यायला. १७७६ साली इथल्या परांजपे सुभेदाराने त्याला सोडला, आणि मग कोकणातले किल्ले भराभर त्याच्या बाजूला गेले. शेवटी पळता पळता अलिबागच्या कुलाब्याला आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात देहदंड. आता यात पार्वतीबाईंचं बघा. पंधरा वर्षं नवरा गेला हे मानलं नाही, कुंकू लावत राहिली, आणि कोकणातून बातमी येते की ते जिवंत आहेत. त्या बाईने ती बातमी ऐकली तो दिवस कुणीतरी लिहायला पाहिजे. लढाई पाचशे पानं चालते आमच्याकडे, नंतरची वर्षं पाच पानांत.

मास्तरांची_सून
+१ शेवटच्या वाक्याला. आणि अजून एक, मोहिमेवर निघायच्या आदल्या रात्री चांदणं असतंच. कंपल्सरी. मी आतापर्यंत एकाही कादंबरीत अमावस्येला निरोप घेतलेला बघितला नाही. पानिपतावर दोन अडीच महिने कोंडून पडलेले, पोटात अन्न नाही, उत्तरेतली जानेवारीची थंडी, अंगावर आपले इथले कपडे, आणि लेखकाला तिथेही चंद्र सुचतो. बरोबर गेलेल्या बायकांनी, बाजारबुणग्यांनी रात्री काय पांघरलं ते सांगा ना.

खाडीपलीकडे
कादंबरी आहे हो ती, बखर नाही. पांघरुणांची यादी वाचायला कोण घेईल.

मास्तरांची_सून
मी घेईन 😀

चिपळूणकरीण
माझी कॉपी २२ जुलै २०२१ला गेली. 'पानिपत' आणि 'स्वामी' खालच्या फळीवर होती, वरच्या फळीवर नवऱ्याची शेअर मार्केटची, ती वाचली. चिखलातून काढली तेव्हा विटा झालेल्या. उन्हात ठेवली, पानं सुटी करून बघितली, नाहीच. मला रडू लढाईने नाही आलं कधी, 'स्वामी'ने आलं. माधवराव लढाईतून परत येतात आणि क्षयाने जातात थेऊरला. लढाईत गेले असते तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. मी बारावीत होते आणि खोकला झाला तरी घाबरायचे.

माडाची_सावली
@चिपळूणकरीण विटा झालेल्या 😢 काही वाचलंच नाही का?

चिपळूणकरीण
एक पाकशास्त्राचं. त्यात पण फक्त लोणची राहिली.

पलटणवाला
मी माणगावचा. आमच्याकडे तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, एसटीतून जाणारे सगळे बघतात पण गोष्ट कुणाला माहीत नसते. दुसरं महायुद्ध, इटली, तिबर नदीचं खोरं, १० जुलै १९४४. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, हा एकटा मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला, मॅगझीन संपलं, बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने मारलं. मग दुसरीकडून गोळी लागली. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस. समाधी नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरलंय फक्त. मी लहानपणी समजायचो कॅसिनो म्हणजे गोव्यातला.

माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, इकडच्या घराघरातून पलटणीत माणसं गेली आणि मराठीत आपल्या कादंबऱ्या बघाव्या तर पेशवाईच्या पुढे सरकत नाहीत. इटली कुठे आहे हे माहीत नसलेली बावीस वर्षाच्या पोराची बायको, आंब्याच्या झाडाखाली पोस्टमन येताना बघतेय, ही लढाईची कादंबरी नाही का? पोस्टमन लांबून दिसायचा ना डोंगर उतरताना, म्हणजे अर्धा तास आधीच कळायचं की तो येतोय, आणि मनीऑर्डर की तार ते मात्र दारात आल्यावर.

सुपारीची_बाग
हे वाचून अंगावर आलं. आमच्या घरात बसरा म्हटलं की दोनच गोष्टी. पणजीच्या नथीतले बसराई मोती आणि पणजीचा दीर. तो पहिल्या महायुद्धात गेला तो इराकातल्या कुत-अल-अमारात अडकलेल्या इंग्रजांच्या फौजेत होता. १४७ दिवस वेढा, २९ एप्रिल १९१६ला शरण आले, त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात कुठेतरी. घरात कुणालाच कुत वगैरे ठाऊक नव्हतं, सगळे म्हणायचे बसऱ्याला गेला. मला ते शब्द कळले ते कॉलेजात पहिल्या महायुद्धावरची एक इंग्रजी कादंबरी वाचताना. नाव विचारू नका, पुस्तक मैत्रिणीचं होतं आणि अर्धवट परत द्यावं लागलं. त्यातला शिपाई पत्र लिहितो रोज. मी विचार करत बसले की आमच्याकडे लिहिता येत होतं कुणाला? पणजीची धाकटी जाऊ शेवटपर्यंत नथ घालायची नाही, एवढंच. कुणी विचारायचं नाही आणि ती सांगायची नाही. सॉरी, लांबलं, कुकर झालाय.

बोंडू
नथ कोणाकडे हा आता?

सुपारीची_बाग
माझ्याकडे. मी पण नाही घालत. टोचते.

दर्यावर्दी७१
लढाई म्हणजे पानिपतच कशाला. आमच्या वाडीतला एक जण नौदलाच्या खुकरी जहाजावर होता. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समोर पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच बुडाले. तेव्हा मी आठ वर्षांचा. त्याच्या आईने नंतर घरात समुद्राचं मासं शिजवलं नाही कधी, खाडीचं चालायचं. लोकं हसायची, पाणी एकच ना म्हणून. मी नाही हसलो कधी, पण मला वाचन बिचन जमत नाही, मी फक्त इथे सगळ्यांचं वाचायला येतो.

माडाची_सावली
काका, तुम्ही लिहीत जा हो.

खाडीपलीकडे
रामदास बोटीवर पण कुणीतरी लिहायला हवं. १७ जुलै १९४७, रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं.

मास्तरांची_सून
ती लढाई नव्हती पण.

खाडीपलीकडे
घरच्यांना काय फरक.

रत्नांग्री
परत मीच. पलटणवाल्यांना एक सुचवतो, पेशवाईच्या पुढची आणि आपल्या कोकणातली. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस', २०००ची, इंग्रजी आहे. सुरुवात १८८५ला मंडालेत, इंग्रज ब्रह्मदेश घेतात, राजवाडा लुटला जात असतो आणि त्या गर्दीत एका पोराला राणीची दासी दिसते, डॉली. राजाराणीला हद्दपार करून आणतात कुठे तर आमच्या गावात. तो पोरगा मोठा होऊन, पैसा करून तिला शोधत रत्नागिरीला येतो. मी हे वाचत होतो लोकलमध्ये आणि माझ्याच गावाचं नाव आलं तर शेजारच्याला दाखवलं, त्याला काही फरक पडला नाही. पुढे जपान्यांचा हल्ला, ब्रह्मदेशातून चालत निघालेली माणसं, सगळं आहे, पण माझं मन आपलं रत्नागिरीतच अडकलं.

आणि कादंबरी बाजूला ठेवा, खरी गोष्ट काय कमी आहे का. ब्रह्मदेशचा तो थिबा राजा तीस वर्षं इथे, पॅलेस १९१०ला बांधून झाला, १९१६ला राजा गेला, समाधी इथेच. थोरल्या राजकन्येचं प्रेम बसलं ते तिथल्याच दरवानावर, सावंत, लग्न झालेला माणूस. त्यांची मुलगी टुटू इथेच राहिली, राजाची नात आणि मराठी बोलणारी. आमची शाळेची सहल दरवर्षी थिबा पॅलेसला, दरवर्षी! सरांनी लाकडी खांब मोजायला लावले, हे एकदाही नाही सांगितलं.

चिपळूणकरीण
सांगितलं असतं तर खांब कोणी मोजले असते 😂

मास्तरांची_सून
वाळवीचं काय केलंस ग @माडाची_सावली? पुस्तकात वेखंडाचे तुकडे ठेव आणि कडुनिंबाचा वाळका पाला. ओला नको हं, बुरशी येते.

माडाची_सावली
वेखंड आणलंय. आई म्हणते पुस्तक उन्हात घाल, पण ऊन आहेच कुठे, चार दिवस नुसतं मळभ. आणि हो, आमसूल काढलेलं नाही मी.

केळफूल
उशीर झाला यायला. मला कुणी वाचून दाखवलं नाही, पण आमच्या गावच्या वाचनालयात एक अज्ञात इसम होता जो कादंबऱ्यांच्या समासात पेन्सिलीने लिहायचा. फक्त ऐतिहासिक. नायक मरायच्या आधीच्या पानावर, "पुढच्या पानावर जातो. स्वयंपाक उरकून घ्या." राजा राणीचा एकांत आला की, "हे बखरीत नाही." निरोपाच्या प्रसंगाला नुसतं, "चंद्र." आणि खाली मोजणी, "चंद्र ४", "चंद्र ५".

मास्तरांची_सून
मला हा माणूस भेटायलाच हवा.

केळफूल
ऐका ना पुढे. एका पुस्तकात, कुठलं ते आता आठवत नाही, नवरा मोहिमेवरून येत नाही आणि ती दिवा लावते असं काहीतरी होतं, तिथे समासात काहीच नव्हतं. पण पूर्ण पान पेन्सिलीने लिहून मग खोडरबराने पुसलेलं, कागद पातळ होईपर्यंत. मी ते पान बल्बसमोर धरून वाचायचा प्रयत्न केलाय. पाचवीपासून त्या माणसाला शोधतेय मी.

खाडीपलीकडे
एक विचारू? वाचनालय गुहागरच्या बाजूचं का? आणि "नाही"ची वेलांटी मागे लांब शेपटीसारखी ओढलेली?

केळफूल
हो!!! तुम्हाला कसं माहीत?

खाडीपलीकडे
आमचे अण्णा. माझे मोठे काका, शाळामास्तर होते. घरी पंचांगावरपण लिहायचे. आमच्या लग्नाच्या अल्बमवर पण आहे, सासऱ्यांच्या फोटोखाली "हे बखरीत नाही".

केळफूल
आहेत का अजून?

खाडीपलीकडे
नाहीत, चौदा वर्षं झाली. त्या पुसलेल्या पानाचं मला नव्हतं माहीत. काकू पहिल्या होत्या एक, त्यांच्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत. पुस्तक आठवलं तर कळवा. अल्बमचा फोटो टाकतो, आत्ता इथे वादळी वारा आहे आणि लाईट गेलीय.