भरलेले आयुष्य की भरले घर?

प्रश्न

माझी आजी गेल्या महिन्यात वयाच्या ९३व्या वर्षी गेली. तिच्या स्मरणार्थ घरापुरती एक लहानशी पुस्तिका छापायची आहे आणि तिच्या पहिल्या पानावरच्या दोन वाक्यांवर आम्ही अडलो आहोत. माझ्या चुलतभावाने लिहिले आहे : ‘वहिनी एक भरलेले, परिपूर्ण आयुष्य जगल्या. आमच्या एकत्र कुटुंबाच्या त्या कर्त्या होत्या.’ धाकट्या काकांचे म्हणणे असे की, आयुष्य भरले याचा अर्थ माणूस मेले, एवढाच होतो आणि ‘कर्ता’ हा पुरुषच असतो. मला दोन्ही आक्षेप पूर्ण पटत नाहीत, पण वाक्येही कानाला बरोबर लागत नाहीत.

संदर्भासाठी थोडे सांगते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात एके काळी दोन्ही वेळांना बावीस माणसे जेवत. आजीला लिहिता येत नव्हते. रतिबाच्या दुधाचा हिशोब ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी. आडवी रेघ म्हणजे शेर, उभी म्हणजे अच्छेर, अर्धा शेर. दिवाळीला भिंती पोतारायच्या आधी सगळ्यांकडून पैसे वसूल झालेच पाहिजेत, कारण त्यानंतर पुरावा उरत नसे. अशा बाईला काय म्हणावे?

पहिला प्रतिसाद

आपल्या काकांचा पहिला आक्षेप मला ग्राह्य वाटतो. मराठीत काळाच्या संदर्भात ‘भरणे’ हे क्रियापद बहुधा मुदत संपण्याकडे जाते. बाळंतपणाचे दिवस भरतात, तसेच माणसाचेही दिवस भरतात, घटका भरते, पापाचा घडा भरतो, तिशीत गेलेल्या माणसाचीही ‘शंभर वर्षे भरली’ असे आपण म्हणतो आणि त्यात त्याच्या वयाचा काहीही संबंध नसतो. म्हणून ‘भरलेले आयुष्य जगल्या’ या वाक्यात लिहिणाऱ्याच्या मनातली समृद्धी आणि वाचणाऱ्याच्या कानातला शेवट यांची टक्कर होते. ‘परिपूर्ण’ने ती मिटत नाही, उलट वाक्य निरोपसमारंभाच्या मानपत्रासारखे होते.

स्थळाच्या संदर्भात मात्र हेच क्रियापद पूर्ण वेगळे वागते. भरले घर, भरले गोकुळ, भरली ओटी, भरला संसार हे सगळे शब्द मंगल आहेत. त्यामुळे म्हातारे माणूस गेल्यावर समाचाराला आलेल्या बायका ‘भरल्या घरातून गेली’, ‘नातवंडे-पतवंडे पाहून गेली’, ‘सोने झाले’ असे म्हणतात. मराठी रीत अशी दिसते की, माणसाच्या आयुष्याची समृद्धी त्याच्या वर्षांत मोजायची नाही, तर मागे राहिलेल्या घरात मोजायची. पणतवंडाचे तोंड पाहिलेल्या माणसावर सोन्याची फुले उधळण्याची चाल त्याच हिशोबातली आहे. नुसत्या वर्षांचा सोहळा करायचा झाला तरी आपण आकडा सरळ सांगत नाही, सहस्रचंद्रदर्शन म्हणतो. (१९ वर्षांत ७ अधिक मास धरले तर २३५ पौर्णिमा होतात, त्या हिशोबाने हजारावी पौर्णिमा ८१वे वर्ष सरत आले की येते. आपल्या आजींनी ती केव्हाच ओलांडली होती.)

आता ‘कर्ती’. येथे काका कायद्याच्या बाजूने बरोबर आहेत आणि भाषेच्या बाजूने चुकत आहेत. हिंदू एकत्र कुटुंबाचा कर्ता होण्यासाठी आधी सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हक्क असलेला वारस, असावे लागते आणि विधवा सहदायाद नसल्यामुळे ती कर्ता होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात ठरवले. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद झाली. सून किंवा आई झाली नाही. पण बोलीतली ‘कर्ती’ न्यायालयात विचारून आलेली नाही. ‘घरात कर्ती तीच’, ‘कर्तीसवरती बाई’ असे म्हणताना मालमत्ता कोणाच्या नावावर आहे हे कोणी पाहत नाही; निर्णय कोणाच्या तोंडून निघतो आणि निस्तरायची वेळ आली की कोण पुढे होते, हे पाहिले जाते. ‘कर्तीसवरती’मधला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकणाऱ्याला त्यात ‘सावरणे’ ऐकू येते आणि नुसत्या ‘कर्ती’ला असलेली अधिकाराची धार तेथे मऊ होते. गंमत अशी की, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख धरली आहे. म्हणजे एकाच घरात, एकाच बाईला, रेशनचा कायदा प्रमुख मानतो आणि मिळकतीचा मानत नाही.

खटकते ते ‘एकत्र कुटुंबाच्या’ या जोडणीमुळे. तिने कायद्याचा वास येतो. ‘खटल्याच्या घरातली’, म्हणजे मोठ्या कुटुंबातली, ‘कर्ती बाई’ असे लिहिले तर शब्द आपल्या जागी बसतो. नव्या वाचकाला ‘खटले’ म्हटले की वकील आठवतील, पण पुस्तिका घरापुरतीच असल्याने तो धोका पत्करावा.

दुसरा प्रतिसाद

कष्टांसाठी आपण कोणता शब्द वापरणार आहात, ते लिहिलेले नाही. कृपया ‘चंदनासारख्या झिजल्या’ टाळावे. तो शब्दप्रयोग इतका उगाळला गेला आहे की त्याला आता वास उरलेला नाही, शिवाय चंदन आपण होऊन झिजत नाही, सहाणेवर घासणारा कोणीतरी असतोच आणि त्याचा उल्लेख स्मरणलेखात कधी येत नाही.

‘कष्टकरी’ही नको, तो वर्गवाचक शब्द आहे. ‘कामसू’ हा सुनेचे स्थळ सुचवताना वापरण्याचा शब्द झाला. ‘कष्टाळू’ चालेल, पण फिका आहे. ‘खस्ता खाल्ल्या’ हा मला सर्वांत जिवंत वाटतो. मूळ फारसी ‘खस्ता’ म्हणजे जखमी, मोडलेला, थकलेला. मोडताच चुरा होणारी खस्ता कचोरी त्याच शब्दाची. मराठीने त्याला ‘खाणे’ जोडले, जसे मार खाणे, बोलणी खाणे. बावीस माणसांना वाढून झाल्यावर जी मागाहून जेवायला बसते, तिच्या वाट्याला हे क्रियापद यावे, यात मला भाषेचा तिरकस न्याय दिसतो.

तिसरा प्रतिसाद

थोडी भर. खस्ता, काबाडकष्ट, हाडाची काडे करणे हे सगळे शब्द फक्त दुःख सांगतात, कसब सांगत नाहीत. कोळशाच्या रेघांनी दुधाचा हिशोब ठेवणारी बाई नुसती राबत नव्हती. तिच्यासाठी ‘निगुतीने संसार केला’ असे म्हणावे. ‘नेटाने’मध्ये जोर आहे, ‘टुकीने’मध्ये नीटनेटकेपणा आहे; ‘निगुती’मध्ये काळजी, काटकसर आणि अक्कल या तिन्ही गोष्टी एकत्र येतात आणि माझ्या ऐकण्यात तरी हा शब्द पुरुषाच्या संसाराला लावलेला फारसा आलेला नाही.

एक शंका : आपले चुलतबंधू आजींना ‘वहिनी’ का म्हणतात?

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची ऋणी आहे. शंकेचे आधी सांगते. आजी घरात आली तेव्हा तिला सहा धाकटे दीर होते आणि ते दिवसभर ‘वहिनी’ अशी हाक मारत. मुलांच्या कानांवर तेच पडले, म्हणून तिची स्वतःची मुलेही आईला वहिनीच म्हणू लागली. पुढे सुना, नातवंडे, दूध न्यायला येणारी माणसे, सगळ्यांनी तेच उचलले. एकत्र घरांत हे पूर्वी सर्रास होत असे. कोणाची आई काकू असे, कोणाची ताई, कोणाची नुसती बाई. आजीला तिच्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ आणि तो जाऊन वीस वर्षे झाली.

काकांशी काल पुन्हा बोलले. ‘भरले घर’ त्यांना लगेच पटले. ‘कर्ती’वर ते अडून बसले होते, पण ‘सवरती’ जोडून वाचून दाखवल्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘१९७२ च्या दुष्काळात बैल विकायचे नाहीत, हे तिनेच ठरवले होते. लिही.’ ‘खस्ता’ मात्र त्यांनी काढायला लावला. आपल्या आईने खस्ता खाल्ल्या असे छापले तर त्या कोणी खायला घातल्या, असे वाचणारा विचारील, हे त्यांचे कारण. मला ते कारणच शब्द ठेवण्यासाठी पुरेसे वाटत होते, पण पुस्तिका सगळ्या घराची असल्याने मी माघार घेतली.

आता पान असे झाले आहे : ‘खटल्याच्या घरातली कर्तीसवरती बाई. सत्त्याहत्तर वर्षे निगुतीने संसार करून, भरल्या घरातून गेली.’ नावाच्या आधी ‘कै.’ घालावे की आजोबा माळकरी होते म्हणून ‘वै.’, यावर अजून वाद चालू आहे, ‘गं. भा.’ मात्र कोणालाच नको होते. आणि चुलतभावाने कंसात टाकलेले ‘वहिनी’ आम्ही मोठ्या अक्षरांत वर घेतले आहे, कंसात तिचे नाव जाईल.