अनुभव धागा: आल्प्सच्या घळीत गाईडसोबत कॅनियनिंग – तयारी कशी केलीत?

धागाकर्ती

जून उजाडला की युरोपातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो. "भाचा येतोय पुण्याहून, त्याला कॅनियनिंग करायचंय, कुठे नेऊ?" उत्तरादाखल दोन व्हिडिओ आणि "भारी आहे, कराच" एवढंच मिळतं. शनिवारी सकाळी चार वेगवेगळ्या वयाची माणसं घेऊन ज्याला निघायचंय, त्याचं यात काही भागत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओढ्याने कापलेल्या अरुंद घळीत वरून शिरायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. कुठे चालत, कुठे पोहत, कुठे घसरत, कुठे उडी टाकून, आणि जिथे यातलं काहीच चालत नाही तिथे दोरावरून. एकदा आत गेलं की बऱ्याच घळींत मागे फिरायची सोय नसते.

माझं मत आधीच सांगते: घळ निवडावी ती गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघून, आणि तारीख ठरवावी ती आभाळाकडे बघून. कंपनी कुठली, स्वस्त कोण, हे त्यानंतर. तुम्ही घळ कशी निवडलीत, दिवस कसा ठरवलात, बरोबर कोण होतं ते लिहा. उड्यांची वर्णनं थोडी कमी केलीत तरी चालेल. (करणारच तुम्ही, ठाऊक आहे.)

झ्युरिककर

आम्ही ऑफिसातले मित्र इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनला गेलो होतो. ती नवशिक्यांची घळ म्हणून विकली जाते आणि दोरकामाच्या हिशोबाने ती तशी आहेही. पण याच साक्सेटबाख ओढ्यात २७ जुलै १९९९ रोजी वरच्या डोंगरात वादळी पाऊस झाला आणि आलेल्या लोंढ्यात २१ जण गेले, १८ पर्यटक आणि ३ गाईड. पर्यटक बहुतेक तरुण, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, दक्षिण आफ्रिकेकडून आलेले. घळ सोपी असली म्हणून लोंढा सोपा येत नाही.

त्या प्रकरणात २००१ मध्ये शिक्षा झाल्या. पुढे स्वित्झर्लंडने जोखमीच्या खेळांसाठी स्वतंत्र कायदाच केला. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू आहे आणि त्याखाली कॅनियनिंगचा धंदा करायला परवाना लागतो. बुकिंग करताना परवान्याचं बिनधास्त विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही. जो वाईट वाटून घेईल त्याच्याकडे जाऊ नका.

तारखेबद्दल: जुलै-ऑगस्टमधली गडगडाटी वादळं बहुतेक दुपारनंतर उठतात, म्हणून आम्ही सकाळची बॅच घेतली. आपण रडार बघतो ते हॉटेल असलेल्या गावाचं. बघायचं असतं ते घळीच्या वर पसरलेल्या पाणलोटाचं. खाली लख्ख ऊन आणि वर ढग फुटलाय, असं इथे सर्रास होतं. आमची ठरलेली तारीख कंपनीने आदल्या संध्याकाळी रद्द केली. गटातला एक जण जाम वैतागला, कारण दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. तेव्हा कॅनियनिंग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. मधे ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

म्युनिकची मावशी

माझी पन्नाशी उलटली आहे आणि मला पोहता येतं ते "बुडत नाही" इतपत. मुलीने स्टार्झलाखक्लाम निवडली. दक्षिण जर्मनीत झोंटहोफेनजवळ, ग्र्युंटेन डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिचा एक फायदा असा की घळीच्या कडेने चालायची वाटही आहे. आमचे अहो तिकीट काढून वर कठड्याशी उभे, आणि मी खाली डोहात.

सगळ्यात अवघड भाग कोणता म्हणाल तर निओप्रीनचा सूट अंगात चढवणं. ५ मिलिमीटर जाड, आत बिनबाह्यांचा लांब सूट, वरून टोपीवालं जाकीट, पायात त्याच कापडाचे मोजे. आधीच्या बॅचने घातलेला, म्हणजे ओला आणि गार. घामेजल्या पायांवर चुडीदार चढवला असेल तर कल्पना येईल. गाईड मुलीने युक्ती सांगितली: पायात आधी साधी प्लास्टिकची पिशवी घालायची, पाय सर्रकन आत जातो, मग पिशवी खालून ओढून काढायची. हाताला पण तेच. जाताना दोन पिशव्या न्या.

आणखी बारीकसारीक. चष्म्याला मागून पट्टी बांधा. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र गाडीतच काढून ठेवा, दोरात अडकतं. (एका नवविवाहितेला हे तिथे उभं राहून समजावणं त्या जर्मन मुलीला जड गेलं, शेवटी मीच पुढे झाले.) बाथरूमला आधी जाऊन या. आणि उपाशी जाऊ नका. गार पाण्यात अंग इतकी ऊब खर्च करतं की अर्ध्या वाटेत हातपाय गळतात. आम्ही मेथीचे ठेपले खाऊन गेलो, बाहेर आल्यावर उरलेले गाईडने संपवले.

बुकिंग करताना मी एकच प्रश्न विचारला होता: "मला उडी मारायची नसेल तर?" उत्तर आलं की या घळीत प्रत्येक उडीला वळसा आहे किंवा दोराने सोडता येतं. हे सगळ्याच घळींत नसतं. काही ठिकाणी उडी ही एकच वाट असते. तेव्हा हा प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

स्टुटगार्टवाले चौघे

आम्ही मुलांना घेऊन स्लोव्हेनियात गेलो, सोचा नदीच्या खोऱ्यात बोवेत्सला. सुशेत्स ही घळ केली. चुनखडीचा गुळगुळीत खडक, नैसर्गिक घसरगुंड्या, वर चढायची वाट छोटी. मुलांसाठी याहून बरं काही मी पाहिलं नाही. स्वित्झर्लंडच्या मानाने पैसेही निम्म्याच्या आसपास पडले.

बोवेत्सला रेल्वे नाही. क्रान्स्का गोराकडून व्रशिच खिंडीतून गेलात तर उंची १६११ मीटर आणि वळणं ५०. गाडी लागणाऱ्या मुलाला त्याच सकाळी त्या वाटेने नेऊन लगेच घळीत उतरवू नका. मुक्काम आदल्या रात्री बोवेत्समध्येच करा. बाकी सगळं सुरळीत.

घाटवाटा

मी मूळचा सह्याद्रीतला. सांदण, पावसाळ्यात विहीगावच्या धबधब्यावर रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) वगैरे बरंच केलेलं. ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये ओट्झटाल खोऱ्याच्या तोंडाशी आउअरक्लाम नावाची घळ आहे, अरुंद आणि चांगली दमदार. तिथे दोराबाबत जे पाहिलं ते आपल्याकडच्या मंडळींनी समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे कड्यावरून दोर सोडताना टोकाला गाठ मारायची, हे पहिल्या दिवशी डोक्यात ठोकतात. गाठ नसेल तर माणूस दोर संपल्यावर निसटेल. इथे गाईडने डोहात पडणाऱ्या दोराला गाठ मारलीच नाही. दोराची लांबी त्याने अशी मापली की टोक पाण्याच्या पातळीशीच संपावं. कारण असं: धबधब्याखाली पाणी उकळत असतं, त्यात उभं राहून थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दोर डिसेंडरमधून (कमरेला अडकवलेलं, दोरावरचा वेग आवरणारं साधन) काढत बसणं हाच मोठा धोका. त्यापेक्षा दोर आपोआप सुटून जावा आणि माणूस प्रवाहाबरोबर बाहेर फेकला जावा. खाली खडक असेल तर मात्र हिशोब वेगळा, ते गाईड बघतो.

दुसरं, वरचा अँकर, म्हणजे दोर जिथे खडकात अडकवतात ती जागा. आपण दोर पक्का बांधून मोकळे होतो. त्याने तो फिगर एटमधून (इंग्रजी आठच्या आकाराची धातूची कडी) अडवून असा लावला होता की खालचा माणूस पाण्याच्या झोतात अडकला, केस किंवा जाकीट डिसेंडरमध्ये गेलं, तर ताण असतानाच वरून दोर सोडत त्याला खाली उतरवता यावं. धबधब्यात लटकलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो. श्वास घ्यायलाच जागा नसते.

तिसरं, आवाज. घळीत पाण्यापुढे काही ऐकू येत नाही. सगळं शिट्टी आणि हातवाऱ्यांवर. डोक्यावर हात ठेवला की "मी ठीक आहे". उडी मारून वर आल्यावर पहिलं काम हेच. उडी घ्यायची ती सरळ उभी, पाय जुळवून, गुडघे किंचित सैल, हात छातीशी. सूर मारायचा नाही, कितीही खोल दिसू दे. डोहाचा तळ दर पुरानंतर बदलतो, म्हणून ओळखीच्या डोहातही आधी गाईड उतरून चाचपतो.

घळींना श्रेणी असते, ती बुकिंगआधी विचारा. फ्रेंच पद्धतीत व्ही म्हणजे दोरकाम आणि ए म्हणजे पाणी, दोन्ही १ ते ७. पुढचा रोमन आकडा १ ते ६, तो बाहेर निघायला किती वेळ आणि किती वाटा आहेत यावर. लोक व्ही बघतात. खरा कस ए चा लागतो. रॅपलिंगमध्ये तरबेज असलेला आमचा एक गडी फेसाळत्या, उसळत्या पाण्यात पार गोंधळला, तर पोहणारी पण दोर कधी न पाहिलेली त्याची बायको मजेत होती.

टिचिनोकाठ

एक मुद्दा कोणीच लिहिला नाही, तो म्हणजे धरणं. आमच्या टिचिनोतल्या (दक्षिण स्वित्झर्लंड) कित्येक घळींच्या वर जलविद्युत प्रकल्प आहेत. ओढ्यात पाणी कमी दिसतं ते वर अडवलंय म्हणून, आणि वीजकंपनीने सोडलं तर पाऊस नसतानाही ते अचानक वाढू शकतं. नदीकाठी पिवळ्या पाट्या असतात, धावणाऱ्या माणसामागे लाट काढलेल्या. त्या शोभेच्या नाहीत. गाईड लोक आत शिरण्याआधी वीजकंपनीला फोन करून त्या दिवसाचं विचारतात. आमच्या गाईडने पार्किंगमध्ये आमच्यासमोरच फोन केला. तुमचा गाईड करत नसेल तर विचारा, की या घळीच्या वर धरण आहे का, आणि आज कोणाशी बोललात.

आणि हो, मे महिन्यात उत्साहाने बुकिंग करू नका. मोसम साधारण मे ते ऑक्टोबर म्हणतात, पण उंचावरच्या खोऱ्यांत मे-जूनला बर्फ वितळून ओढे फुगलेले असतात.

कोरडी बरी

मी वेगळा सूर लावते. मला अजिबात आवडलं नाही. पाणी इतकं गार की मान भिजली आणि श्वासच अडला, पुढचा सगळा वेळ फक्त "संपव रे बाबा" चाललं होतं. कोणाच्या आग्रहाखातर जाऊ नका. आमच्या कंपनीने बुकिंगच्या वेळी पोहता येतं का हेसुद्धा विचारलं नव्हतं, थेट बसमध्ये फॉर्म पुढे केला आणि सही घेतली. नाव लिहीत नाही, पण फॉर्म आधी ईमेलवर मागवा आणि घरी बसून वाचा.

आईबाबा बरोबर असतील तर माझी सूचना: तरुण मंडळी स्वित्झर्लंडमधल्या ग्रिम्झेलच्या घळीत जाऊ देत, त्याच रस्त्यावर खाली मायरिंगेनला आरेश्लुख्ट, म्हणजे आरे नदीची घळ आहे. १.४ किलोमीटर लांब, कडे २०० मीटरपर्यंत उंच, आणि एका जागी दोन्ही भिंतींत जेमतेम मीटरभर अंतर. सगळी वाट फळ्यांवरून आणि बोगद्यांतून, माझ्या सासूबाई साडीत चालल्या. रांजणखळगे, हिरवंगार पाणी, सगळं बघायला मिळतं आणि केसही भिजत नाहीत.

विमेकरी

मी विम्याच्या धंद्यात आहे म्हणून थोडक्यात. भारतातून शेंगेन व्हिसावर येणाऱ्यांकडे किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा असतोच, पण पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. "ॲडव्हेंचर स्पोर्ट्स" असं मोघम लिहिलेलं पुरत नाही. कॅनियनिंग नावाने आत आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. घळीतून माणूस काढायला बहुतेकदा हेलिकॉप्टर लागतं आणि त्याचं बिल हजारोंत जातं.

ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या सभासदत्वात २५,००० युरोपर्यंत सुटकेच्या खर्चाचं संरक्षण मिळतं. इथे राहणाऱ्यांना ते स्वस्तात पडतं. नंबर फोनमध्ये घालून ठेवा: युरोपभर ११२, स्वित्झर्लंडमध्ये हवाई सुटकेसाठी रेगा १४१४, ऑस्ट्रियात डोंगरातल्या अपघातासाठी १४०. घळीत मोबाईलला रेंज बहुधा नसते, म्हणून बाहेर थांबलेल्या माणसाकडे घळीचं नाव आणि परतायची वेळ लिहून द्या.

धागाकर्ती

व्यक्तिगत निरोपांतून आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथेच देते. वजनाची आणि वयाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. खोटं वजन सांगू नका, हार्नेस आणि सूट त्या मापाने आणतात. पाळीत जाता येतं, टॅम्पॉन किंवा कप वापरून. मी गेले आहे. दमा असेल तर इन्हेलर गाईडच्या कोरड्या डब्यात द्यायचा आणि ते निघण्याआधी सांगायचं. स्वतःचा कॅमेरा नको, गाईड फोटो काढतात.

बर्लिनहून

सप्टेंबरच्या मध्यात भाऊ येतोय. तेव्हा उशीर होतो का?

झ्युरिककर

उलट बरं. वादळं कमी झालेली असतात, पाणी उतरलेलं असतं, गर्दी नसते. फक्त ऊन घळीत फार वेळ पोचत नाही, तेव्हा अकराच्या आसपासची बॅच मागा आणि गाडीत जाड टॉवेल, लोकरीची टोपी नि थर्मासभर चहा ठेवा.