अनुभव धागा : सर्वश्रेष्ठ क्लासिक रॉक बँड कोणता आणि तो कोणत्या उपप्रकारातला?

क्लासिक रॉकमधला सर्वश्रेष्ठ बँड कोणता, हा वाद माझा मामेभाऊ आणि मी गेली तीस वर्षे घालत आलो आहोत आणि दर वेळी तो उपप्रकारांच्या नावांवर येऊन अडतो. लेड झेपेलिनला तो हेवी मेटलचा उगम मानतो, तर मी त्यांना ब्लूज-रॉकमध्येच, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गीतांवर उभ्या राहिलेल्या रॉकमध्येच ठेवतो. माझा आधार म्हणजे १९७१च्या चौथ्या अल्बममधले शेवटचे गाणे, जे मुळात १९२९ सालचे, मिसिसिपीच्या महापुरावरचे ब्लूज गीत आहे. त्याच्या ध्वनिमुद्रणासाठी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जॉन बोनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यामागोमाग त्या उंच जिन्याचा घुमारा ऐकू येतो. आवाज जड आहे एवढ्यावरून त्याला मेटल म्हणणे मला पटत नाही. आपलाही कौल सांगावा, मात्र याद्या नकोत. कोणता सूर किंवा कोणता ठोका ऐकून तुमचे मत बनले, तो प्रसंग लिहावा.

*

मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षे काम केले. एके दिवशी यंत्राचा गार्ड काढून ठेवलेला असताना पत्रा डायखाली सरकवायला गेलो आणि डाव्या तर्जनीचे टोक गमावून बसलो. शर्टाचे बटण लावण्यापासून सगळे नव्याने शिकावे लागले. त्या रजेत भाच्याने मला ब्लॅक सॅबथ ऐकवले आणि त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकिकत सांगितली. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक यंत्रात गेले. तो डावखुरा असल्याने तारा दाबणारा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले, पातळ तारा चढवल्या आणि १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून लावायला सुरुवात केली, कारण सैल तारा दाबायला सोप्या जातात. माझ्या बोटाच्या टोकाला आजही गरम-थंड नीट कळत नाही. टोपणातून तर तारेचा स्पर्शही कळत नसणार, म्हणजे किती दाबायचे हे त्याला बरेचसे कानानेच ठरवावे लागले असेल. हेवी मेटलचा तो खोल, ओढलेला खर्ज ज्या हातातून आला, तो आमच्यासारख्याच शॉप फ्लोअरवर जखमी झालेला होता. म्हणून माझ्या लेखी सॅबथच्या वर कोणीही नाही आणि हेवी मेटल हे नाव कोणाला द्यायचे याबद्दलही माझ्या मनात शंका नाही.

*

जेथ्रो टल हे नाव मला आधी कृषी पदवीच्या पहिल्या वर्षी, मशागतीच्या धड्यात भेटले. अठराव्या शतकाच्या आरंभी पेरणीयंत्र, म्हणजे आपल्या पाभरीचे काम करणारे अवजार, तयार करणारा तो इंग्रज शेतकरी. याच नावाचा बँड आहे आणि त्याचा म्होरक्या इयन अँडरसन बासरी वाजवतो, हे वसतिगृहातल्या एका मित्राकडून कळले तेव्हा मला खरे वाटेना. रात्री दिवे गेलेले असताना त्याच्या बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरवर मी ती बासरी प्रथम ऐकली. अँडरसन बासरीत फुंकताना मधेच गळ्यातून गुरगुरतो आणि सुराला खरखरीत कड येते. याला लोक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, काही जण फोक-रॉक म्हणतात, मला दोन्ही मान्य आहे. मात्र १९८९मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला आणि मेटालिकासारखा मेटल बँड स्पर्धेत असताना तो जेथ्रो टलला दिला. माझा आवडता बँड जिंकला, तरी तो निर्णय चुकीचा होता, असेच मी म्हणेन. उपप्रकारांची नावे नीट वापरली नाहीत, तर दोन्हीकडच्या संगीतावर अन्याय होतो.

*

माझे बालपण पाचगणीत गेले, त्यामुळे माझे मत क्वीनलाच. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. १९७५च्या त्यांच्या सुमारे सहा मिनिटांच्या गाण्यात बॅलड, ऑपेरा आणि हार्ड रॉक एकामागोमाग येतात. त्यांना कोणत्या खणात ठेवणार?

*

मी तबला शिकते. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या अल्बममध्ये पैशांवरचे जे गाणे आहे, ते नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज यांच्या, टेपचे तुकडे जोडून केलेल्या आवर्तनाने सुरू होते, आणि ते आवर्तन सात मात्रांचे आहे. मी ते गुरुजींना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून मांडीवर रूपक धरला, 'तीं तीं ना धीं ना धीं ना', आणि दोन आवर्तनांतच थांबून म्हणाले, "मात्रा सात आहेत, पण याची सम भरीव आहे गं." रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'च्या, म्हणजे टाळी न देण्याच्या जागी येते. इथे पहिल्याच मात्रेवर बेस गिटार पूर्ण वजनाने बसते, हा फरक मला वर्षभर ऐकूनही जाणवला नव्हता. सॅक्सोफोन संपेपर्यंत गुरुजींचा हात मात्रा धरून होता. मग गिटारचा एकल भाग सुरू झाला, ताल चारांवर गेला आणि त्यांचा हात अडखळला. त्यांनी डोळे उघडले, यंत्राकडे पाहिले आणि म्हणाले, "मागे घे. कुठे बदलला ते मला पुन्हा ऐकायचे आहे."