बी पेशी दिसतच नाहीयेत, मदत हवी आहे (गुरुवारच्या आत)

प्रयोगवही, मंगळवार रात्री ११:४०
फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींना चमकणारी अँटिबॉडी चिकटवून मशीनवर मोजणं. मानवी रक्त, अँटी-ह्यूमन सीडी१९ (बी पेशींवरच्या सीडी१९ या खुणेला धरणारी अँटिबॉडी). १०० मायक्रोलिटरला कागदावर लिहिलीय तेवढीच अँटिबॉडी घातली, २० मिनिटं अंधारात, मग लायसिस (लाल पेशी फोडणं), वॉश, रन. तीनदा केलं. लिंफोसाइटच्या गेटमध्ये (प्लॉटवर निवडलेल्या भागात) एकच ढीग येतो आणि त्याला उजवीकडे जरासा खांदा. महिन्यापूर्वी याच व्हायलने स्वच्छ वेगळं पॉप्युलेशन दिलं होतं. गुरुवारी मॅडमना प्लॉट दाखवायचाय. कुणीतरी लवकर सांगा.

नौपाडा_६०२
अँटिबॉडीचा क्लोन (वाण) कुठला? चमकणारं लेबल कुठलं? रक्त कुणाचं, किती तासांचं? यातलं काहीच न लिहिता उत्तर कसं द्यायचं?

घोडबंदर_सकाळ
एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलत्या पेशींना चिकटू नये म्हणून) लावता का? आमच्याकडे त्याशिवाय एकही ट्यूब रन होत नाही. मोनोसाइट वाटेल ती अँटिबॉडी धरून बसतात.

नौपाडा_६०२
ब्लॉक नसेल तर खोटा सिग्नल वाढतो. यांचा खरा सिग्नलच गेलाय. उलट्या दिशेला कशाला पाठवताय?

घोडबंदर_सकाळ
तो खांदा तरी खोटा नाही हे तुम्हाला कसं कळलं? मी माझ्या अनुभवाचं सांगितलं.

सीवूड्स_काका
सीडी१९ सोडा आणि सीडी२० (बी पेशींचीच दुसरी खूण) लावा. तीस वर्षं लिंफोमाचे नमुने पाहिलेत, सीडी२० ने कधी दगा दिला नाही.

तुर्भे_रात्रपाळी
काका, रिटुक्सिमॅब घेतलेल्या पेशंटमध्ये देतं ना. औषध सीडी२० वरच जाऊन बसतं, आपल्या अँटिबॉडीला जागाच उरत नाही. शिवाय सीडी१९ प्रो-बी (बी पेशीच्या अगदी सुरुवातीच्या) अवस्थेपासून असतं, सीडी२० नंतर येतं. निरोगी माणसाच्या रक्तात दोन्हींचा आकडा जवळपास सारखाच येईल, पण ताईंची अडचण ती नाहीच.

प्रयोगवही
क्लोन एचआयबी१९, लेबल पीई. रक्त निरोगी स्वयंसेवकाचं, ईडीटीए ट्यूब, दोन तासांच्या आत. मशीनचे क्यूसी बीड (तपासणीचे मणी) सकाळी पास झाले. त्याच ट्यूबमधली सीडी३-एफआयटीसी (टी पेशींची खूण, वेगळं लेबल) झकास दिसते, म्हणून लायसिस आणि गेट दोन्ही बरोबर आहेत असं धरलं.

आगरी_शाळा
कुणी नवीन वाचत असेल तर थोडं सांगतो. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये उंदराची बी पेशी मायलोमाच्या (कॅन्सरच्या) पेशीशी जोडली आणि एकाच जातीची अँटिबॉडी अखंड बनवणारी हायब्रिडोमा तयार केली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे माणसाची बी पेशी ओळखणारी ही अँटिबॉडीही मुळात उंदराच्या बी पेशीचीच करणी. मला हे फार सुंदर वाटतं.

जुईनगर_आई
मध्येच विचारते, माफ करा. भावाला सीडी१९ वरची कार-टी (बदललेल्या टी पेशींचा कॅन्सरवरचा उपचार) दिली. आता रिपोर्टमध्ये बी पेशी शून्य आल्यात. उपचार बिघडला का?

सीवूड्स_काका
ताई, घाबरू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेली कार-टी नेक्सकार१९, जिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तीही सीडी१९ लाच धरते. हा खिळा कॅन्सरच्या पेशीवर असतो तसा चांगल्या बी पेशीवरही असतो, म्हणून दोन्ही जातात. कार-टी पेशी काम करताहेत याची ती खूण असते. मात्र इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या अँटिबॉडी) किती आहेत आणि ताप आला तर काय करायचं, हे डॉक्टरांना या भेटीतच विचारा.

जुईनगर_आई
आजच फोन करते. खूप आधार वाटला काका.

तुर्भे_रात्रपाळी
प्रयोगवही, मूळ मुद्द्यावर येऊ. व्हायल फ्रीजमध्ये नेमकी कुठे ठेवता? पीई गोठली तर संपली. एफआयटीसी हा छोटा रेणू, गोठणं बरंचसं सोसतो. पीई हे लाल शैवालातलं भलंमोठं प्रथिन, गोठलं की त्याची घडी मोडते आणि चमक जाते. सीडी३ दिसते यावरून सीडी१९ ठीक आहे असं म्हणता येत नाही.

प्रयोगवही, बुधवार सायंकाळी ७:१५
आत्ता डबा काढून बघितला. फ्रीजच्या अगदी मागच्या भिंतीला टेकला होता आणि कोपऱ्यातल्या व्हायलच्या झाकणावर बर्फाचा पापुद्रा! बाहेर आकडा ४ अंश दाखवतोय. मागच्या आठवड्यात मीच नवीन बफरच्या बाटल्या पुढे लावताना डबा मागे ढकलला होता. शेजारच्या लॅबमधून त्याच क्लोनची पीई दोन टेस्टपुरती मागून आणली. पॉप्युलेशन आलं, वेगळं, लिंफोसाइटच्या ११ टक्के. दोन दिवस मी लायसिस बफरच बदलत बसले होते. तुर्भे_रात्रपाळी, मनापासून आभार.

नौपाडा_६०२
११ टक्के म्हणजे एकदम नॉर्मल. जुन्या व्हायलवर मार्करने ‘गोठली’ लिहा, नाहीतर पुढचा विद्यार्थी तीच उचलेल.

तुर्भे_रात्रपाळी
त्या डब्यात आणखी पीई किंवा पीई-साय७ सारखी टँडम (दोन रंग जोडलेलं लेबल) आहे का? टँडम गोठण्याला पीईइतकीच नाजूक, वर उजेडानेही तुटते.

प्रयोगवही
सीडी२७ पीई-साय७ आहे. त्याच कोपऱ्यात होती. पुढच्या आठवड्यातलं मेमरी बी पेशींचं पॅनल तिच्यावरच आहे. उद्या सकाळी पहिली तीच ट्यूब लावते.