साउंडबार मुका का? एआरसी म्हणजे नक्की काय?

प्रश्न: नवा साउंडबार टीव्हीला जोडला, पण आवाज अजून टीव्हीच्याच पोटातून येतोय. एचडीएमआय केबल दोनदा काढून लावली. शेजारच्या पोर्टखाली बारीक अक्षरांत ‘एआरसी’ लिहिलंय. त्याने फरक पडतो का हो?

उत्तर: मेख तिथेच आहे! एआरसी म्हणजे ‘ऑडिओ रिटर्न चॅनल’, आवाज परत पाठवायची वाट. साध्या पोर्टातून टीव्ही चित्र-आवाज फक्त आत घेतो, एआरसीवाल्यातून आवाज उलटा बाहेरही सोडतो. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासूनची सोय आहे ही. केबल तिकडे हलवा आणि सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू करा.

दुसरं उत्तर: टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) असेल तर सोन्याहून पिवळं. त्यातून ५.१ (सहा चॅनलचा सराउंड) आवाज न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता जातो, ऑप्टिकल केबलला ते झेपत नाही.

प्रश्नकर्ता: आला आवाज! सीईसीच बंद होतं. आता टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबारही कमीजास्त होतोय.